पावती एक, गाड्या दोन : ऑब्जेक्टचा पॅरेंट आणि पॅरेंटची लिस्ट जुळत नसेल तर काय तपासायचं

रावेर-यावल पट्ट्यातल्या काही केळी व्यापाऱ्यांकडची आणि जळगाव-धुळ्याकडच्या काही जिनिंगमधली हिशेबाची सॉफ्टवेअरं मी सांभाळतो. कुठे पायथन, कुठे जावा, कुठे सी-शार्प, आणि स्क्रीनच्या बाजूला जवळपास सगळीकडे जावास्क्रिप्ट. भाषा बदलली तरी एक दुखणं सगळीकडे पुन्हा पुन्हा येतं. आज ते पूर्ण लिहून काढतो. उदाहरण गाडी आणि पावतीचं घेतलंय : गाडीकडे पावत्यांची लिस्ट असते आणि प्रत्येक पावतीला आपली गाडी माहीत असते. म्हणजे गाडी पॅरेंट, पावती चाइल्ड. तुमच्याकडे ऑर्डर आणि आयटम असेल, वर्ग आणि विद्यार्थी असेल, फोल्डर आणि फाइल असेल. दुखणं तेच.

लक्षणं

- गाडीच्या लिस्टमध्ये पावती दिसते, पण पावतीला तिची गाडी विचारली तर ती दुसरीच सांगते.
- एकच पावती दोन गाड्यांच्या बेरजेत धरली जाते. माल तेवढाच, वजन वाढलेलं.
- एका गाडीत पावती टाकली की ती सगळ्या गाड्यांत उगवते.
- रद्द पावत्या लूप लावून काढल्या तरी काही मागे राहतात. जावात तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येऊन काम तिथेच थांबतं.
- पावती सेटमध्ये डोळ्यांना दिसते, पण ‘आहे का’ विचारलं की प्रोग्राम नाही म्हणतो.
- कॉपीवर काम केलं आणि मूळ पावती बदलली.
- जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) बनवताना किंवा लॉगमध्ये ऑब्जेक्ट छापताना स्टॅक ओव्हरफ्लो होतो, म्हणजे फंक्शनं एकमेकांना बोलावत राहतात आणि त्यांची जागा संपते.
- स्क्रीनवर बदल दिसतो, प्रोग्राम बंद करून उघडला की जुनंच.

पहिली दोन माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आली आहेत, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

मुळात होतं काय

एका संध्याकाळी काट्यावरून फोन आला. दिल्लीकडे जाणाऱ्या दोन गाड्या भरून उभ्या होत्या. पहिली गाडी भरत आल्यावर एका बागेचा माल दुसऱ्या गाडीत चढवायचं ठरलं, म्हणून ऑपरेटरने ती पावती, क्रमांक ४१७, वजन ३२ क्विंटल, स्क्रीनवर दुसऱ्या गाडीवर सरकवली. पट्टी (गाडीतल्या सगळ्या पावत्यांच्या हिशेबाचा कागद) काढली तर दोन्ही गाड्यांची मिळून बेरीज काट्याच्या वजनापेक्षा बरोबर ३२ क्विंटलने जास्त. मी पोचलो तेव्हा मुनीमकाका दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ओळीन्ओळ बोट फिरवत होते. म्हणाले, “भो, माल मी स्वतः उभं राहून मोजलाय. हे ३२ क्विंटल आले कुठून?” बाहेर ड्रायव्हर गाडी सुरू करून बसलेला.

सरकवण्याच्या बटणामागे दोन ओळी होत्या (वाचायला सोपं पडावं म्हणून नावं मराठीत लिहितो) :

पावती.गाडी = दुसरी_गाडी
दुसरी_गाडी.पावत्या.अपेंड(पावती)

दोन्ही ओळी बरोबर आहेत. नाही ती तिसरी ओळ : पहिल्या गाडीच्या लिस्टमधून पावती काढण्याची. लिहिणाऱ्याला वाटलं होतं की पावती ‘तिकडे गेली’ म्हणजे इकडची गेलीच. माल उचलून दुसऱ्या गाडीत ठेवला की पहिल्या गाडीत राहत नाही, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मेमरीतही तसंच होतं असं आपण धरून चालतो.

मेमरीत तसं होत नाही. लिस्टमध्ये पावती नसते, पावतीचा पत्ता असतो. त्यालाच आपण रेफरन्स म्हणतो. एकाच घराचा पत्ता दहा जणांच्या डायरीत असू शकतो आणि घराला त्याची काही खबर नसते. तसंच एक पावती दहा लिस्टमध्ये राहू शकते. उलट बाजूने पावतीतलं ‘गाडी’ हे फील्डसुद्धा एक पत्ताच आहे, आणि त्या पत्त्याचा गाडीच्या लिस्टशी भाषेच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. संबंध फक्त तुमच्या मनात आहे. तो कोडमध्ये तुम्हालाच लिहावा लागतो.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावताना मी सातबारा आणि आठ-अ काढतो. सातबारा एका गटाचा : हा गट कोणाचा. आठ-अ एका खातेदाराचा : या माणसाच्या नावावर कोणकोणते गट. गोष्ट एकच, पण दोन बाजूंनी, दोन कागदांवर लिहिलेली. जमीन विकली तर दोन्ही कागद बदलायला हवेत, शिवाय विकणाऱ्याच्या आठ-अ मधून तो गट उतरायलाही हवा. म्हणून कोणी थेट सातबाऱ्यावर पेन चालवत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, तो मंजूर होतो, मग त्या एका नोंदीवरून बाकीचे कागद बदलतात. आपल्या कोडमध्ये सातबारा आहे, आठ-अ आहे, फेरफाराची वही मात्र नाही. या एका वाक्यात ही पोस्ट बसते, बाकी तपासण्या आहेत.

आता क्रमाने. सोपं आणि फुकटचं आधी.

१. तो तोच ऑब्जेक्ट आहे की तसाच दिसणारा दुसरा? (पाच मिनिटं)

काहीही दुरुस्त करायच्या आधी हे बघा. दोन ठिकाणी ४१७ दिसते म्हणजे एकच पावती दोन लिस्टमध्ये आहे की एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या तयार झाल्यात? दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात लिस्टमधून काढायचं असतं, दुसऱ्यात कॉपी कुठे झाली ते शोधायचं असतं. हे न बघता सुरुवात केली तर अख्खा दिवस चुकीच्या फाइलमध्ये जातो.

पायथनमध्ये दोन्हींचा आयडी() छापा किंवा ‘इज’ ने विचारा. जावात ऑब्जेक्टसाठी दोन बरोबरची चिन्हं (==) ओळख तपासतात आणि इक्वल्स मजकूर तपासतं, अर्थात तुम्ही ते लिहिलेलं असेल तर. सी-शार्पमध्ये रेफरन्स-इक्वल्स वापरा, कारण तिथे == चा अर्थ क्लासप्रमाणे बदलता येतो. पायथनबद्दल एक सावधगिरी : एखादा ऑब्जेक्ट मेमरीतून गेला की त्याचा आयडी नव्या ऑब्जेक्टला मिळू शकतो. सकाळच्या लॉगमधला आयडी संध्याकाळच्या आयडीशी जुळवू नका. दोन्ही ऑब्जेक्ट जिवंत असताना, एकाच क्षणी तुलना करा.

पावतीच्या गाडीचीही अशीच तपासणी करा. गाडीचा नंबर तोच, पण आयडी वेगळा आला तर थेट पाचव्या मुद्द्याकडे जा.

२. लिस्ट जन्माला कुठे आली? (दहा मिनिटं)

‘एका गाडीत टाकली, सगळ्यांत उगवली’ हे लक्षण असेल तर कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडतं. सगळ्या गाड्यांकडे मिळून एकच लिस्ट आहे. तीन जागा बघा.

पहिली : लिस्ट क्लासच्या अंगावर लिहिली आहे, कन्स्ट्रक्टरमध्ये नाही. पायथनमध्ये क्लासखाली सरळ ‘पावत्या = []’ लिहिलं तर ती लिस्ट क्लासची झाली, गाडीची नाही. जावा-सी-शार्पमध्ये हेच काम चुकून लागलेला ‘स्टॅटिक’ करतो.

दुसरी : पायथनच्या फंक्शनमध्ये पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट. ती लिस्ट फंक्शनची व्याख्या (डेफ) चालते तेव्हा एकदाच बनते, दर कॉलला नवी बनत नाही. डीफॉल्ट म्हणून ‘नन’ (पायथनचं ‘काहीच नाही’) ठेवा आणि आत नवी लिस्ट बनवा.

तिसरी : गुणाकार. पायथनमध्ये [[]] * ३ लिहिलं की तीन लिस्ट मिळत नाहीत, एकाच लिस्टचे तीन पत्ते मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेच्या ‘फिल’ ला रिकामा ॲरे दिला तरी हेच होतं.

३. पेन किती हातांत आहे? (एक तास, कधी अर्धा दिवस)

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एडिटरमध्ये पूर्ण प्रोजेक्टभर दोन शोध लावा. एक, ‘पावती.गाडी’ मध्ये कुठेकुठे काही लिहिलं जातं. दोन, ‘पावत्या’ या लिस्टमध्ये कुठेकुठे काही घातलं, काढलं, बदललं, रिकामं केलं जातं. सापडलेली प्रत्येक जागा कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे तीन खुणा करा : जुन्या लिस्टमधून काढलं का, फील्ड बदललं का, नव्या लिस्टमध्ये घातलं का. त्या काट्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा अकरा जागा निघाल्या. तिन्ही खुणा पूर्ण असलेल्या चारच होत्या.

उरलेल्या सात जागी तिसरी ओळ घालत बसू नका. मी सुरुवातीला तेच करायचो, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी बारावी जागा लिहायचं. फेरफाराची वही बनवा, म्हणजे एक मेथड :

गाडी_बदल(पावती, नवी_गाडी)
– पावती आधीच त्या गाडीत असेल तर काही न करता परत फिर
– जुनी गाडी असेल तर तिच्या लिस्टमधून पावती काढ
– पावती.गाडी = नवी_गाडी
– नवी गाडी असेल तर तिच्या लिस्टमध्ये पावती घाल

पहिली ओळ गाळू नका. ती नसेल तर त्याच गाडीवर ‘सरकवलेली’ पावती आधी निघते आणि शेवटी जाऊन बसते, पट्टीवरचा क्रम बदलतो आणि लोक नवीनच तक्रार घेऊन येतात. शिवाय गाडीचं ‘घाल’ पावतीच्या ‘गाडी ठेव’ ला बोलावतं आणि ते पुन्हा ‘घाल’ ला, अशी रचना असेल तर याच ओळीमुळे ते फिरत राहणं थांबतं.

मग बाकीचे हात बांधा. ‘पावती.गाडी’ बाहेरून लिहिता येऊ नये. ‘गाडी.पावत्या’ मागितल्यावर खरी लिस्ट बाहेर देऊ नका, कारण खरी लिस्ट दिली म्हणजे पेनच दिलं. जावात अनमॉडिफायेबल लिस्ट द्या. ती खिडकी असते : आत बदल झाला की बाहेरून दिसतो, पण बाहेरून हात घालता येत नाही. जावा १० पासून आलेलं लिस्ट-कॉपी-ऑफ त्या क्षणाचा फोटो देतं. कुठे काय हवं ते ठरवून द्या. पायथनमध्ये टपल करून दिलं तरी पुरतं.

सी-शार्पवाल्यांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण तिथे मी एकच चूक तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली. साध्या लिस्ट क्लासवरून वारसा घेऊन ‘ॲड’ बदलायला जातात. तिथलं ॲड ओव्हरराइड होत नाही, नवं लिहिलं तरी जुन्या प्रकाराच्या रेफरन्समधून गेलेला माणूस जुन्याच दारातून आत शिरतो. यासाठी ‘कलेक्शन’ हा क्लास आहे. त्यात इन्सर्ट-आयटम, सेट-आयटम, रिमूव्ह-आयटम आणि क्लिअर-आयटम्स अशी चार दारं ओव्हरराइड करता येतात. चारही करा. लोक इन्सर्ट आणि रिमूव्ह करतात आणि क्लिअर विसरतात. मग गाडी रिकामी केली तरी पावत्या म्हणतात आम्ही अजून त्याच गाडीत आहोत.

एक गोष्ट याच टप्प्यावर धन्याशी बोलून ठरवा : आधीच एका गाडीत असलेली पावती दुसरीत घालायला कोणी आलं तर काय व्हावं? जाणत्या लायब्ऱ्यांनी याची तीन वेगळी उत्तरं दिली आहेत. ब्राउझरच्या डॉममध्ये (पानावरच्या घटकांच्या झाडात) अपेंड-चाइल्ड केलं की नोड जुन्या पालकाकडून आपोआप निघून नव्याकडे जातो. विंडोज फॉर्म्सच्या ट्री-व्ह्यूमध्ये आधीच कुठेतरी असलेला नोड दुसरीकडे घालायला गेलं तर एक्सेप्शन येतं, आधी काढा मग घाला. आणि डॉटनेटच्या लिंक टू एक्सएमएलमध्ये पालक असलेलं एलिमेंट दुसरीकडे घातलं तर त्याची नक्कल तयार होऊन ती घातली जाते, मूळ जागेवरच राहतं. तिन्ही बरोबर आहेत, आपापल्या कामाला. पैशांच्या पावतीला नक्कल कधीच नको, एवढं माझं मत पक्कं आहे. मी नकार देणारा मार्ग घेतो आणि सरकवण्यासाठी वेगळं, स्पष्ट नावाचं बटण देतो.

४. लूपमध्ये चालताना पायाखालची लिस्ट बदलतेय का? (पंधरा मिनिटं)

रद्द पावत्या काढताना काही मागे राहतात ते इथे. चार पावत्या आहेत, पहिल्या दोन रद्द. लूप पहिल्या जागेवर आला, पावती काढली. दुसरी पावती सरकून पहिल्या जागी आली. लूप पुढे दुसऱ्या जागी गेला आणि तिथे आता मूळची तिसरी आहे. दुसरी रद्द पावती न बघताच सुटली. पायथन हे निमूट होऊ देतं, एरर येत नाही, म्हणून ते सापडायला वेळ लागतो. जावा आणि सी-शार्प बहुतेक वेळा एक्सेप्शन टाकतात, पण जावाच्या फॉर-ईच लूपमध्ये शेवटून दुसरा घटक काढला तर तेही येत नाही आणि शेवटचा घटक न बघता लूप संपतो. चाचणीत दोनच पावत्या ठेवल्या तर नेमका हाच प्रकार घडतो आणि सगळं ठीक वाटतं.

उपाय : लिस्टच्या कॉपीवर फिरा आणि मूळ लिस्टमधून काढा, किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे या, किंवा जावाचं रिमूव्ह-इफ वापरा. ब्राउझरमध्ये ‘चिल्ड्रन’ हे कलेक्शन जिवंत असतं, नोड हलवला की त्याच क्षणी आकसतं. क्वेरी-सिलेक्टर-ऑल जे देतं ते गोठलेलं असतं, त्यावर निर्धास्त फिरता येतं.

तिसऱ्या मुद्द्यातली मेथड आल्यावर हा त्रास वाढतो, हेही सांगून ठेवतो. ‘या गाडीतल्या सगळ्या पावत्या त्या गाडीत’ असा लूप लिहिला की आतली मेथड तीच लिस्ट रिकामी करत जाते ज्यावर तुम्ही फिरताय. अर्ध्याच पावत्या जातात. आधी कॉपी घ्या.

५. कॉपी कशाची झाली? (अर्धा तास)

उथळ कॉपी म्हणजे नवी डायरी, पत्ते जुनेच. गाडीची उथळ कॉपी घेतली तर नव्या गाडीकडे जुनीच लिस्ट येते. फक्त लिस्टची कॉपी घेतली तर लिस्ट नवी, आतल्या पावत्या जुन्याच, आणि त्या पावत्या अजून जुन्याच गाडीला आपली गाडी म्हणतात.

मग लोक खोल कॉपीकडे वळतात आणि इथे एक मोठा खड्डा आहे. एका पावतीची खोल कॉपी मागितली, तर पावतीत गाडीचा पत्ता आहे, म्हणून गाडीचीही कॉपी होते. गाडीत सगळ्या पावत्यांची लिस्ट, म्हणून त्या सगळ्यांची कॉपी होते. गाडीला व्यापारी माहीत असेल तर व्यापाऱ्याची आणि त्याच्या बाकीच्या सगळ्या गाड्यांचीही. पायथनचं डीपकॉपी आधी केलेल्या कॉप्या लक्षात ठेवतं, त्यामुळे ते फिरत राहत नाही, एररही येत नाही. शांतपणे अख्खं दुसरं दुकान तयार होतं. तुमच्या हातात आलेली पावती ज्या गाडीकडे बोट दाखवते ती गाडी कोणत्याच मुख्य यादीत नसते. नंबर तोच, आयडी वेगळा : पहिल्या तपासणीत दिसतं ते हेच.

यावर मी एकच करतो. पावतीला स्वतःची ‘नक्कल’ मेथड देतो. ती क्रमांक, वजन, बागाईतदार, भाव एवढंच उचलते आणि गाडीचं फील्ड रिकामं ठेवते. नक्कल झालेली पावती बिनगाडीची जन्मते, आणि गाडीत जायचं तर फेरफाराच्या दारातूनच जाते.

६. ‘सारखं’ म्हणजे काय, हे कोणी ठरवलंय? (अर्धा तास)

लिस्टमधून काढताना पायथन, जावा, सी-शार्प तिघंही सारखी वाटणारी पहिली पावती काढतात. तुमच्या क्लासमध्ये ‘वजन आणि तारीख सारखी म्हणजे पावती सारखी’ असं लिहिलेलं असेल, तर एकाच दिवशी ३२ क्विंटलच्या दोन पावत्या असताना भलतीच निघते.

सेट आणि डिक्शनरीत याहून अवघड प्रकार होतो. घालताना पावतीचा हॅश (तिच्या फील्डांवरून निघणारा एक आकडा) काढून त्याप्रमाणे तिला कप्पा दिला जातो. नंतर ज्या फील्डवरून हॅश निघतो ते फील्ड बदललं, तर शोधणारा नव्या हॅशच्या कप्प्यात जातो आणि पावती जुन्या कप्प्यात पडलेली असते. छापली तर दिसते, विचारली तर नाही. म्हणून हॅश आणि बरोबरी कधीही न बदलणाऱ्या गोष्टीवर ठेवा. गाडी हे फील्ड त्यात नकोच, ते तर बदलण्यासाठीच आहे. गाडीच्या हॅशमध्ये पावत्या आणि पावतीच्या हॅशमध्ये गाडी असं झालं तर एकमेकांना विचारत स्टॅक संपतो. टू-स्ट्रिंगचंही तसंच. हे कोड आयडीईने आपोआप बनवून दिलेलं असेल तर एकदा उघडून वाचा.

जावात आकड्यांची लिस्ट असेल तर अजून एक बघा : रिमूव्हला साधा पूर्णांक दिला तर ती जागा समजली जाते, किंमत नाही. ५ नंबर काढायला जाता आणि सहावा घटक निघतो.

७. जेसनमध्ये गोल फेरा

इथे थोडक्यात. गाडीत पावत्या, पावतीत गाडी, म्हणून फेरा संपत नाही. जावास्क्रिप्टचं स्ट्रिंगिफाय आणि पायथनचं जेसन मॉड्यूल दोन्ही एरर देऊन थांबतात, जावात जॅक्सन ही लायब्ररी स्टॅक संपेपर्यंत फिरू शकतं. पॅरेंटच्या जागी फक्त पॅरेंटचा क्रमांक पाठवा. काम झालं.

८. डेटाबेसपर्यंत काय पोचतंय? (अर्धा दिवस, आणि कॉपीवरच)

स्क्रीनवर बदल दिसतो आणि उघडल्यावर जुनंच, हे लक्षण ओआरएमचं, म्हणजे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जुळवणाऱ्या लायब्ररीचं. टेबलमध्ये गाडीचा क्रमांक पावतीच्या ओळीत असतो, गाडीच्या ओळीत पावत्यांची लिस्ट नसते. म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने सत्य पावतीकडे आहे. हायबरनेटमध्ये (जावाचं ओआरएम) गाडीच्या लिस्टवर ‘मॅप्ड-बाय’ लिहिलेलं असेल, तर तुम्ही लिस्टमध्ये पावती घातली पण पावतीचं गाडी फील्ड बदललं नाही, तर टेबलमध्ये तो संबंध लिहिलाच जात नाही. फेरफाराची मेथड असेल तर दोन्ही बाजू बदलतात आणि हे दुखणं आपोआप मिटतं. एसक्यूएल-अल्केमीमध्ये (पायथनचं ओआरएम) दोन्ही बाजूंना ‘बॅक-पॉप्युलेट्स’ असेल तर मेमरीतल्या दोन्ही बाजू ते स्वतः जुळवतं. असलं तर वापरा, वर आपलं दुसरं यंत्र बसवू नका.

‘ऑर्फन-रिमूव्हल’ चालू आहे का ते मात्र आधी बघा, नीट बघा. ते चालू असेल तर लिस्टमधून पावती काढणं म्हणजे टेबलमधून ओळ पुसणं. एका गाडीतून काढून दुसरीत घालायचा आपला सगळा बेत तिथे धोक्याचा आहे. जेपीएचं (जावातल्या ओआरएमसाठीच्या प्रमाणाचं) स्पेसिफिकेशनच सांगतं की असं अनाथ झालेलं एंटिटी दुसऱ्या नात्यात पुन्हा जोडू नये. पावत्या एका गाडीतून दुसरीत सरकतात अशा धंद्यात मी ते बंद ठेवतो आणि रद्द करण्यासाठी वेगळी खूण ठेवतो.

९. मेमरी वाढत जातेय

एकमेकांकडे बोट दाखवणारे पॅरेंट आणि चाइल्ड मेमरीत अडकून राहतात, ही समजूत फार पसरली आहे. जावा आणि सी-शार्पमध्ये बाहेरून कोणी धरलेलं नसेल तर असा गोल आपोआप साफ होतो. पायथनमध्येही २००० साली आलेल्या २.० पासून गोल शोधून साफ करणारी सोय आहे. स्विफ्टमध्ये मात्र तुम्हालाच चाइल्डकडचा पॅरेंट ‘वीक’ (मेमरीत धरून न ठेवणारा पत्ता) करावा लागतो. तेव्हा आधी स्टॅटिक लिस्ट, कॅश आणि न काढलेले इव्हेंट लिसनर बघा. मला तरी गळती तिथेच सापडली आहे. तिथे नसेल तर हीप डम्प (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) घेऊन वाचावा लागतो, आणि ते वाचायला सवय लागते.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

पुढच्या पाचपैकी काही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका.

एक, चुकीच्या पट्टीवर पैसे दिले-घेतले गेले असतील. कोड दुरुस्त करणं आणि जुना हिशेब दुरुस्त करणं ही दोन कामं आहेत. दुसरं काम तुमच्या सीएला आणि धन्याला सोबत बसवूनच करा.

दोन, लाइव्ह डेटाबेसमध्ये हाताने अपडेट मारायची वेळ आली असेल. आधी बॅकअप, तो उघडतो याची खात्री, मग डेटाबेस सांभाळणारा माणूस.

तीन, बग कधी येतो कधी येत नाही, आणि दोन ऑपरेटर एकाच वेळी काम करताना जास्त येतो. दोन थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) एकच लिस्ट बदलत असतील तर वरची मेथड एकटी पुरत नाही, तिच्या तीन ओळींच्या मध्येच दुसरा आत घुसू शकतो. लॉक कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवलं तर काम अडकून पडतं. ज्याने समांतर कोड लिहिलाय अशालाच हे द्या.

चार, ऑर्फन-रिमूव्हलने ओळी पुसल्या गेल्याची शंका. प्रोग्राम बंद करा, कोणालाही नोंद करू देऊ नका आणि फोन लावा.

पाच, हीप डम्प समोर आहे आणि एका तासात काही उमगलं नाही.

बोलावलेल्या माणसाला तयार काय द्यायचं : पहिल्या तपासणीतले आयडी, तिसऱ्या तपासणीतला खुणांचा कागद, आणि चूक पुन्हा घडवून दाखवणारी कमीत कमी पावत्यांची एक फाइल. एवढं हातात असेल तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

काट्यावरच्या त्या संध्याकाळी मी फक्त तिसरी ओळ घातली, पट्टी पुन्हा काढली आणि मुनीमकाकांनी बेरीज हाताने पडताळल्यावरच गाड्या सोडल्या. मेथड बनवून सगळे हात बांधायचं काम पुढच्या आठवड्यात केलं. त्यासोबत एक छोटी तपासणीही बसवली, ती रोज पट्टी निघायच्या आधी चालते : प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक पावतीला तिची गाडी विचारायची, ती हीच असली पाहिजे, आणि कोणतीही पावती दोनदा भेटता कामा नये. काही चुकलं तर पट्टी छापली जात नाही आणि त्या पावतीचा क्रमांक स्क्रीनवर येतो. पहिल्या महिन्यात तो दोनदा आला. दोन्ही वेळा थेट लिस्टमध्ये लिहिणारी एक जुनी रिपोर्टची फाइल निघाली, जी माझ्या कागदावर सुटली होती.